उन्हाळा धावपळीत गेला आणि एम.एस्सी. पंधरा दिवसांवर आली

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. बेळगावच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालं. एप्रिलमध्ये प्रॅक्टिकल, मे महिन्यात लेखी पेपर, पेपर संपतात न संपतात तोच घरी थोरल्या भावाचं लग्न, जूनमध्ये प्रवेश परीक्षा, तिच्यामागोमाग उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या (लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या) लॅबमध्ये नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी शेतात भाताची रोपलावणी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, वर्ग पंधरा दिवसांवर आलेत. "मागचं सगळं पक्कं करून जायचं ठरवलं होतं, पण एक पुस्तक उघडलं नाही. बाकीची मुलं तयारी करून येणार. माझा सगळा उन्हाळा वाया गेला का? आता पंधरा दिवसांत काय वाचू? नोकरी लगेच सोडू की महिनाअखेरीपर्यंत करू?"

मी बेळगावात रसायनशास्त्र शिकवते. पदवी संपवून कोल्हापूर, धारवाड, पुणे, गोवा असं कुठेकुठे पुढे शिकायला जाणारी आमची मुलं जाण्याआधी भेटायला येतात आणि पहिलं सेमिस्टर संपलं की पुन्हा येतात. दोन्ही वेळा त्यांच्याशी जे बोलणं होतं, त्याच्या आधारावर हे लिहितेय. शिक्षकाच्या सवयीनं तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

काय वाचू असं तू विचारलंयस, पण तुझं लिहिणं दोनदा वाचल्यावर मला त्यात एक गल्लत दिसली. तू दमली आहेस ही एक गोष्ट. तू मागे पडली आहेस ही दुसरी. पहिली तुझ्या ओळीओळीत दिसते. दुसरी खरी आहे का, हे तू अजून तपासलेलंच नाहीस. दमलेल्या माणसाला आपण सगळ्यांच्या मागे आहोत असंच वाटतं, आणि त्या धास्तीत तो पंधरा दिवसांत तीन वर्षांचा अभ्यास उरकायला बसतो.

पहिल्या सेमिस्टरला अडखळलेली जी मुलं माझ्याकडे परत आली, त्यांतली फार थोडी उन्हाळ्यात वाचलं नाही म्हणून अडखळली होती. बरीचशी उन्हाळ्याची भरपाई करत बसल्यामुळे अडखळली. वर्गात सिमेट्री शिकवून होते आणि हा रूमवर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं थर्मोडायनॅमिक्स पहिल्या पानापासून काढून बसलेला असतो. मग सिमेट्रीही राहते, थर्मोडायनॅमिक्सही अर्धवट राहतं आणि तेवढ्यात पहिली इंटर्नल येऊन ठेपते. चिकोडीकडचा एक फार हुशार मुलगा याच कारणानं पहिल्या सेमिस्टरला दोन पेपरांत नापास होऊन आला. सुट्टीत तो तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचून गेला होता. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे: उन्हाळ्याचा हिशेब कोल्हापूरला जायच्या आधी, इथेच, कागदावर मांडून मोकळी हो. तो डोक्यात घेऊन जाऊ नकोस.

पुढचं सगळं थोडंफार तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. तुझं बी.एस्सी. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) घेऊन झालंय की सीबीझेड (रसायन, वनस्पती, प्राणी) घेऊन, हे तू लिहिलेलं नाहीस. यानं फार फरक पडतो, कारण सीबीझेडच्या मुलांचं गणित पीयूसीनंतर (म्हणजे बारावीनंतर) सुटलेलं असतं, कधीकधी दहावीनंतरच. हॉस्टेल मिळालंय की बाहेर खोली बघायची आहे, तेही कळत नाही. निपाणीची मुलं कोल्हापूरला रोज येऊन जाऊन करतात, पण खानापूरच्या खेड्यातून तो विचारच करता येणार नाही. घरी तुझ्या पगाराची गरज किती आहे, हेही माझ्यासमोर नाही. त्यामुळे जिथे 'हे असेल तर' म्हणेन, तिथे आपल्याला काय लागू होतं ते बघून घे.

आता हिशेब. एक कोरा ताव घे आणि एप्रिलपासून आजपर्यंतचे आठवडे एकाखाली एक लिही. प्रत्येक आठवड्यासमोर त्या आठवड्यात तू प्रत्यक्ष काय केलंस ते लिही, काय करायचं राहिलं ते लिहू नकोस. आठवत नसेल तर मोबाईलमधले फोटो बघ, लग्नाची पत्रिका बघ, पगाराचा मेसेज बघ. हे मी येणाऱ्या प्रत्येकाकडून करून घेते. धावपळीच्या महिन्यांतलं आपल्याला राहून गेलेलंच आठवतं. केलेलं काम एकात एक मिसळून जातं आणि शेवटी 'नुसती पळापळ झाली' एवढीच ओळ उरते. आठवडे लिहिले की कामं सुटी होतात. मग कळतं की मेचे अमुक दिवस परीक्षेनंच घेतले होते, त्यात अभ्यास न झाल्याचं दुःख करण्यात अर्थ नाही, कारण ते दिवस अभ्यासाचेच होते. सहाव्या सेमिस्टरचे पेपर देणं ही एम.एस्सी.ची तयारीच होती. प्रवेश परीक्षाही तशीच. तू 'एक पुस्तक उघडलं नाही' म्हणतेस आणि त्याच वाक्यात प्रवेश परीक्षा पास होऊन आलीस, हे तुझं तुला दिसत नाहीये.

ताव भरला की प्रत्येक कामासमोर ते कुणाचं होतं तेही लिही: तुझं, घरचं की कंपनीचं. हे मी मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे मे महिना म्हणजे लग्नं, जत्रा, पै-पाहुणे, आणि खानापूर भागात धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली, पेरणी. घरातल्या मुलाची परीक्षा असली तर त्याला माडीवर जागा मिळते. मुलीची परीक्षा संपली रे संपली की 'आता तू मोकळीच आहेस नव्हं' असं म्हणून रुखवतापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं तिच्याकडे येतं. हे कुणी वाईट हेतूनं करत नाही, आणि भावाच्या लग्नात राबल्याचा आनंदही खरा असतो. पण ते काम होतं, त्याला दिवस लागले, आणि ते दिवस तू आळसात घालवले नाहीस. तावावर 'घरचं' असं लिहिलेले आठवडे मोजलेस की वाया घालवल्याचा जो आरोप तू स्वतःवर ठेवलायस, तो बराचसा गळून पडेल.

फाउंड्रीवर जरा थांबून बोलते, कारण तुझ्या प्रश्नात ती एका शब्दात उरकली आहे आणि मला ती या उन्हाळ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. तिथे तुला नेमकं काय काम होतं ते तू लिहिलेलं नाहीस. पण आमची कितीतरी मुलं उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत लॅब बघतात, त्यामुळे काय चालतं ते मला माहीत आहे. भट्टीतून पळीभर वितळलेलं लोखंड तांब्याच्या साच्यात ओततात, त्याची नाण्याएवढी चकती होते, ती घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात, आर्गॉनमध्ये ठिणगी पाडतात आणि मिनिटाभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे आकडे पडद्यावर येतात. आकडे बघून भट्टीवाला काय घालायचं ते ठरवतो. तूही यातलंच काही दिवसभर केलं असशील. आता त्याला तीन प्रश्न विचार.

पहिला, साचा तांब्याचाच का? कारण चकती झटकन थंड झाली पाहिजे. सावकाश थंड झालेल्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानं वेगळा पडतो, आणि अशा चकतीवर ठिणगी पाडली तर कार्बनचा आकडा भरवशाचा येत नाही. झटकन थंड झाली तर तोच कार्बन सिमेंटाइट या लोखंड-कार्बनच्या संयुगात बांधला जातो आणि चकती मोडल्यावर आतून पांढरी दिसते. दुसरा, आर्गॉनच का? कारण कार्बनची जी रेषा वाचतात ती १९३ नॅनोमीटरच्या आसपास, दूरच्या अतिनील भागात आहे आणि हवेतला ऑक्सिजन तो प्रकाश गिळतो. स्पेक्ट्रोस्कोपीच्या पेपरात अॅटॉमिक एमिशन येईल तेव्हा वर्गातल्या बहुतेकांसाठी ती आकृती असेल. तुझ्यासाठी ते रोजचं यंत्र आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. तुमच्याकडे सीई मीटर, म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट मोजायचं यंत्र, असेल तर बघ. छोट्या कपात लोखंड ओततात, कपात थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) असतं आणि पडद्यावर थंड होण्याची रेषा उतरत जाते. ती एका ठिकाणी अडखळते, मग पुन्हा उतरते, आणि खाली ११०० ते ११५० अंशांच्या दरम्यान जवळजवळ सपाट होते. ती सपाट का होते? भौतिक रसायनात तू फेज रूल पाठ केलायस. दाब स्थिर धरला तर स्वातंत्र्याच्या कोटी (मोकळेपणानं बदलता येतील अशा गोष्टी) म्हणजे घटक वजा प्रावस्था (वेगवेगळी द्रव-घन रूपं) अधिक एक. लोखंड आणि कार्बन हे दोन घटक. युटेक्टिकपाशी, म्हणजे उरलेला द्रव एकाच तापमानाला गोठतो त्या बिंदूपाशी, द्रव, ऑस्टेनाइट (कार्बन विरघळलेलं घन लोखंड) आणि सिमेंटाइट अशा तीन प्रावस्था एकत्र असतात. दोन वजा तीन अधिक एक, म्हणजे शून्य. तापमानाला बदलायला जागाच उरत नाही, द्रव संपेपर्यंत ते तिथेच थांबतं. बिडात सिलिकॉन असल्यामुळे प्रत्यक्षात रेषा पुस्तकातल्याइतकी सपाट नसते, पण कारण हेच. लोखंड-कार्बन आकृतीत हा बिंदू ४.३ टक्के कार्बन आणि ११४७ अंशांवर आहे. तुमचा कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे कार्बन अधिक सिलिकॉन व फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा, याच ४.३ शी ताडून बघतात. या कपात थोडं टेल्युरियम लावलेलं असतं, तेही चकतीसारखंच, बीड पांढरं गोठावं म्हणून.

साच्यांच्या वाळूच्या विभागात गेली असशील तर मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाची चाचणीही केली असशील. फिल्टर पेपरवर थेंब टाकायचा आणि निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं कडं उमटेपर्यंत मेथिलीन ब्लू वाढवत जायचं. वाळू बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीच्या थरांवर रंगाचे धन आयन बसतात, जागा संपल्या की उरलेला रंग पाण्याबरोबर पसरतो. ते कडं म्हणजे हेच. आयनांची अदलाबदल आणि अधिशोषण, दोन्ही एका थेंबात.

हे एवढं लांबण लावून सांगितलं ते तुला धीर द्यायला नाही. एम.एस्सी.ला गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत संकल्पनांचा मारा असतो, आणि ज्याच्याकडे त्या अडकवायला प्रत्यक्ष पाहिलेलं काही असतं, त्याच्या डोक्यात त्या टिकतात. तुझ्याकडे ते आहे. म्हणून या पंधरा दिवसांतला माझा पहिला गृहपाठ वाचनाचा नाही. लॅबमधल्या तीन कामांवर एकेक पान लिही. काय केलं, आकडा काय यायचा, तो तसा का यायचा. 'का' अडेल तिथेच बी.एस्सी.चं पुस्तक उघड, तेवढंच प्रकरण वाच आणि बंद कर. कंपनीचे आकडे, ग्राहकांची नावं, ग्रेड यातलं काही लिहून घेऊ नकोस. ते त्यांचं आहे, आणि तुला लागणारही नाही.

आता विषयाचं बोलू. सगळं वाचायचं नाही, मग काय वाचायचं? माझं उत्तर: पहिल्या तीन आठवड्यांत ज्याच्यावाचून वर्गात बसून काही कळणार नाही, तेवढंच. रसायनाच्या पहिल्या सेमिस्टरला अशा जागा फार थोड्या आहेत.

गणित ही पहिली, आणि सीबीझेडची असशील तर पंधरातले निम्मे दिवस हिलाच दे. क्वांटमच्या पहिल्याच आठवड्यात 'पेटीतला कण' हे उदाहरण येतं. त्यात साइन फलनाचं दोनदा अवकलन केलं की तेच फलन ऋण चिन्हासह परत येतं, एवढं हातानं करता आलं पाहिजे. साइन वर्गाचं संकलन आलं पाहिजे, नाहीतर नॉर्मलायझेशनला अडशील. ही दोन करून ऊर्जेचं सूत्र स्वतः काढून बघ: एन वर्ग, एच वर्ग, भागिले आठ एम एल वर्ग. एकदा स्वतः काढलंस की पाठ करावं लागत नाही, आणि पेटी लांब केली तर ऊर्जा उतरते हेही आपोआप दिसतं. ग्रुप थिअरीसाठी, म्हणजे सिमेट्रीच्या गणितासाठी, तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सचा गुणाकार आणि कर्णावरच्या आकड्यांची बेरीज पुरे. पीयूसीचं गणिताचं पुस्तक घरात असेल तर तेच काढ, नवं घेऊ नकोस. पीसीएमची असशील तर दोन संध्याकाळी पुरतील.

ऑरगॅनिकमध्ये बाणांचा सराव ठेव. रोज चार अभिक्रिया, इलेक्ट्रॉन कुठून निघतो आणि कुठे जातो ते न बघता काढायचं. सोबत पीकेएचे (आम्लाची ताकद सांगणारे) मोजके आकडे तोंडात असू देत: अॅसेटिक आम्ल ४.७६, फिनॉल १०, इथेनॉल १६. आकड्यांमधल्या दऱ्या का आहेत ते रेझोनन्सनं सांगता आलं की अर्धं ऑरगॅनिक मार्गाला लागलं. सिमेट्रीसाठी पाणी, अमोनिया आणि बेंझीन यांचे सांगाडे हातानं बनव, भिजवलेले चणे आणि काड्या घेऊन. पाण्याचा रेणू हातात फिरवून दोन आरसे आणि एक अक्ष शोधलास की फळ्यावरचं सी टू व्ही (याच सिमेट्रीचं नाव) डोळ्यांना दिसायला लागतं. इनऑरगॅनिकचं क्रिस्टल फील्ड प्रवेश परीक्षेसाठी ताजं केलेलं असणारच, ते सोडून दे. नेट, गेटची पुस्तकं आत्ता उघडायची अजिबात नाहीत. सीएसआयआरची नेट जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा असते, तिचा विचार दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर कर.

कागदपत्रं ही मात्र खरोखर आत्ताचीच गोष्ट आहे, आणि सीमाभागातून महाराष्ट्रात जाणाऱ्या मुलांचा जीव जास्तकरून इथे टांगलेला असतो. मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी आपल्या विद्यापीठाकडे आजच अर्ज कर, कारण विद्यापीठ बदलताना ते लागतंच आणि वेळ घेतं. सहाही सेमिस्टरच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आल्या आहेत का बघ. नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळणारे दाखले आणि शेताचा उतारा कन्नडमध्ये असतो. कोल्हापूरच्या कार्यालयातल्या माणसाला तो वाचता येत नाही, यात त्याचा दोष नाही आणि तुझाही नाही. इंग्रजी किंवा मराठी भाषांतर करून, नोटरी करून सोबत ठेव.

कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी सहसा चालत नाही, त्यावर विसंबू नकोस. त्याऐवजी वेगळी वाट आहे. महाराष्ट्रानं ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे, तिथल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी तिथल्या प्रवेशांत तरतूद असते. सीईटीच्या प्रवेशप्रक्रियेत तिला 'ई टाइप' म्हणतात, आणि तिला गाव सीमाभागातलं असल्याचा व मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडावा लागतो. विद्यापीठाच्या एम.एस्सी.च्या फीमध्ये किंवा हॉस्टेलमध्ये तुला त्यातलं काय लागू होतं, ते प्रवेश विभागात जाऊन समोरासमोर विचार. फोनवर यावर नीट उत्तर मिळत नाही. त्याच फेरीत कमवा व शिका योजनेचीही चौकशी कर. पगार बंद झाल्यावर घरी हात पसरायचा संकोच तुला वाटणार, तुझ्या लिहिण्यातून तो जाणवतोय, आणि त्यावर तो एक सन्मानाचा मार्ग आहे.

आता दमणुकीबद्दल. हे मी शेवटाकडे ठेवलं असलं तरी करायचं सगळ्यात आधी. पहाटेची एसटी, दिवसभर भट्टीजवळचा उकाडा, रात्री उशिरा जेवण, सुट्टीला चिखलात वाकून लावणी, असे तुझे दिवस गेले आहेत. अशा शरीरानं गणित करायला बसलीस तर तेच पान तीनदा वाचशील आणि आपल्याला येत नाही असा निष्कर्ष काढशील. जायच्या आधी निदान चार दिवस पूर्ण झोप आणि वेळेवर जेवण हवं. हे घरी आपोआप मिळणार नाही, मागावं लागेल. आईला सरळ सांग: "पंधरा दिवसांनी माझं कॉलेज सुरू व्हायचंय. शेवटचा आठवडा मला शेतातलं आणि पाहुण्यांचं काही लावू नकोस." आईशी बोलणं जड जात असेल तर भावाला मधे घे. त्याच्या लग्नात तू राबलीस, एवढं तो तुझ्यासाठी नक्की बोलेल. रताळ्याचे वेल लावायचे राहिले असतील तर त्या दोन दिवसांसाठी गडी लावा. तुझा आत्ताचा पगार त्यासाठी खर्च झाला तरी चालेल. आणि घरची परिस्थिती खरंच अशी असेल की तुझ्याशिवाय लावणी होणारच नाही, तर मग लावणी कर, पण त्या दिवशी अभ्यासाचं नाव काढू नकोस. दोन्ही एका दिवसात करायचा आटापिटा केलास तर दोन्हीकडे मन खात राहतं.

एवढं सगळं सांगितलं, त्यामुळे क्रम पुन्हा एकदा लावून देते. आज मायग्रेशनचा अर्ज आणि आठवड्यांचा ताव. मग घरी बोलणं आणि झोप. मग लॅबची तीन पानं, आणि त्यातून जमेल तेवढं गणित, बाण आणि चण्याचे रेणू. कोल्हापूरला पाऊल टाकलं की मागचं काढायचं नाही. आज वर्गात जे झालं ते आज संध्याकाळी. मागचं काही अडलं तर तेवढंच पान बघायचं आणि पुन्हा आजच्यावर यायचं. विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात पहिल्या आठवड्यातच आपली बसायची जागा ठरवून टाक. खोलीवर चारजणी असल्या की संध्याकाळ कशी जाते ते कळत नाही.

बाकीच्या मुलांचं म्हणशील, तर तुझ्या वर्गात क्लास लावून आलेली चार असतीलच. पण गडहिंग्लजच्या काजूच्या कारखान्यातून, सांगलीच्या द्राक्षबागेतून, घरच्या किराणा दुकानातून उठून आलेलीही असतील. ती वर्गात बोलत नाहीत म्हणून दिसत नाहीत. पहिल्या महिन्यात त्यांतली एक तरी मैत्रीण शोध आणि दोघी मिळून संध्याकाळी नोट्स लावा. माझ्याकडे परत येणाऱ्यांत ज्यांचं पहिलं सेमिस्टर नीट गेलेलं असतं, त्यांना अशी एक जोडीदार मिळालेली असते.

राहिली नोकरी. महिनाअखेर आणि वर्ग सुरू व्हायची तारीख यांत आठवड्याचं तरी अंतर पडत असेल तर महिना पूर्ण कर, पगाराचाही गोंधळ होत नाही आणि माणसंही दुखावत नाहीत. अंतर पडत नसेल तर आठवडाभर आधी सोड, पण उद्याच साहेबांना सांग. अचानक जाणं बंद करू नकोस. तुझ्यानंतर लॅब बघणाऱ्याला चकती घासण्यापासून सगळं दाखवून ये. निघताना अनुभवाचा दाखला माग. तो लेटरहेडवर हवा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख हवी, आणि 'लॅब असिस्टंट म्हणून काम केलं' एवढ्यावर न थांबता स्पेक्ट्रोमीटर, सीई मीटर, वाळूच्या चाचण्या असं कामाचं नाव त्यात लिहून घे. त्यांना मजकूर तयार करायला वेळ नसतो, तूच टाइप करून ने आणि सही-शिक्का घे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी किंवा सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी कारखान्यांकडे अर्ज करशील, तेव्हा गुणपत्रिकेच्या आधी तो कागद वाचला जातो. तो घेतल्याशिवाय बेळगाव सोडू नकोस.